मोटारीच्या इंजिनाचे झिजलेले माउंटिंग : तपासणी व घरच्या घरी बदल

बागायतदार व दुग्धव्यवसाय करणाऱ्या अनेक शेतकऱ्यांच्या दारात आता ट्रॅक्टरच्या शेजारी मोटारही उभी दिसते. त्यात काही जुन्या भारी मोटारीही असतात. पुण्यात १९९५ साली मर्सिडीज-बेंझच्या १२४ मालिकेतील ई-क्लास मोटारींची जुळणी सुरू झाली. त्यानंतर इतरही भारी मोटारी देशात तयार होऊ लागल्या. अशा मोटारी जुन्या झाल्या की कमी किमतीत मिळतात, परंतु त्यांचे सुटे भाग व मजुरी मात्र भारी मोटारीच्याच भावाने मोजावी लागते. त्यामुळे ऑइल इंजिन, पंप व ट्रॅक्टर यांची जाण असलेले शेतकरी मोटारीची काही कामे घरी करू पाहतात. इंजिनाचे माउंटिंग बदलणे हे त्यांपैकीच एक काम होय. काम फारसे अवघड नाही, मात्र त्यात काही क्षेत्रांत चूक करून चालत नाही. या लेखात माउंटिंगचे कार्य, ते खराब झाल्याची लक्षणे आणि ते बदलण्याची सुरक्षित पद्धत दिली आहे.

माउंटिंग म्हणजे काय?

विहिरीवरचे ऑइल इंजिन आपण काँक्रीटच्या पायावर बोल्टने घट्ट बसवतो. बोल्ट ढिला झाला की सगळे इंजिन थरथरू लागते, हा अनुभव सर्वांना आहे. मोटारीला असा जमिनीतला पाया नसतो. इंजिन थेट चासीला आवळले तर त्याची सर्व थरथर बसणाऱ्याच्या अंगात उतरेल. म्हणून इंजिन व चासी यांच्यामध्ये रबराचे आधार बसवतात. त्यांनाच माउंटिंग म्हणतात. गॅरेजमध्ये यासाठी ‘फाउंडेशन’ हा शब्दही रूढ आहे.

बहुतेक ट्रॅक्टरमध्ये मात्र असे रबर नसते. तेथे इंजिन, क्लचचे घर, गिअरबॉक्स व मागचा आस हे भाग एकमेकांना बोल्टने जोडून त्यांचाच कणा केलेला असतो. त्यामुळे ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या हाताला मोटारीचे माउंटिंग नवे वाटण्याचा संभव आहे.

चार सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला दोन स्फोट होतात. इंजिन स्लोवर मिनिटाला ७५० फेरे घेत असेल तर मिनिटाला १,५०० म्हणजे सेकंदाला २५ झटके बसतात. हे झटके गिळण्यासाठी रबर मऊ हवे. उलट गाडी खड्ड्यात आदळली किंवा एकदम रेस दिली तर दोन-अडीचशे किलोंचे इंजिन जागेवर धरून ठेवण्यासाठी तेच रबर कडक हवे. या दोन्ही गरजा साध्या रबराने पूर्ण भागत नाहीत. म्हणून भारी मोटारीत द्रवभरीत माउंटिंग वापरतात. त्यात रबराच्या आत दोन कप्पे असून त्यांत ग्लायकॉलयुक्त द्रव भरलेला असतो. मोठा झटका बसला की द्रव बारीक वाटेने एका कप्प्यातून दुसऱ्यात जातो आणि हेलकावा मारला जातो. काही मोटारींत या माउंटिंगला हवेची नळी किंवा विजेची तारही जोडलेली असते.

रबरावर इंजिन तोलण्याची कल्पना जुनीच आहे. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९३१ साली प्लायमाउथ मोटारीत तिचा मोठा गाजावाजा केला होता. रबर हे शेवटी शेतमालच आहे. केरळप्रमाणे गोव्यात व सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग भागातही रबराची लागवड आढळते. माउंटिंगसाठी नैसर्गिक रबर लवचीकपणामुळे चांगले ठरते. परंतु त्याला तेल, उष्णता व वय हे तीन शत्रू आहेत. खनिज तेल लागले की ते फुगून मऊ पडते, सततच्या उष्णतेने कडक होऊन तडकते आणि नुसते वय झाले तरी बसते.

दुर्लक्ष केल्यास काय होते?

“थोडे थरथरते, चालायचेच,” असे म्हणून हे काम पुढे ढकलले जाते. माउंटिंग बसले की इंजिन खाली येते व एका अंगाला कलते. मग रेडिएटरचा पंखा त्याच्या आवरणाला घासतो, होज पाइप ताणले जातात, विजेच्या तारांचे आवरण खरवडले जाते व सायलेन्सर पाइपाच्या जोडाला तडे जातात. एका रबरासाठी टाळलेला खर्च अशा रीतीने चार ठिकाणी करावा लागतो.

माउंटिंग पूर्ण तुटल्यास प्रश्न केवळ खर्चाचा राहत नाही. इंजिन चाके फिरवते तेव्हा ते स्वतः उलट दिशेने पिळले जाते. लांबीत बसवलेल्या इंजिनाची डावी बाजू पुढे जाताना वर उचलू पाहते, तर रिव्हर्समध्ये उजवी. १९७१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने १९६५ ते १९६९ या काळातील सुमारे ६७ लाख शेव्हरले गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. माउंटिंग तुटून इंजिन उचलले की रेसची जोडणी ओढली जाई व रेस अडकून राही. उपाय म्हणून इंजिन वर उचलले जाऊ नये असा अटकाव त्या गाड्यांना बसवण्यात आला. आजच्या मोटारींत रेस बहुधा विजेच्या संकेतावर चालते, तेव्हा नेमका तोच धोका उरलेला नाही. परंतु जुन्या मोटारींत रेसची जोडणी सळया किंवा तारेची असते आणि ब्रेकला मदत करणारा हवेचा पाइप तर बहुतेक मोटारींत इंजिनाकडूनच येतो.

खराब माउंटिंगची लक्षणे

१) इंजिन स्लोवर असताना स्टिअरिंग, आसन व आरसा थरथरतो. गाडी गिअरमध्ये टाकून ब्रेकवर उभी केली की थरथर वाढते व न्यूट्रलमध्ये कमी होते.
२) गाडी सुरू किंवा बंद करताना, तसेच पुढच्या गिअरमधून रिव्हर्स घेताना ‘ठक्’ असा आवाज येतो.
३) रेस सोडताना किंवा देताना इंजिन उडी मारल्यासारखे हलते.
४) माउंटिंगखाली काळसर ओल किंवा द्रवाचे ओघळ दिसतात. द्रव निघून गेलेले माउंटिंग वरून अखंड दिसले तरी निकामी समजावे.
५) दोन्ही बाजूंच्या माउंटिंगची उंची सारखी नसते, रबराला भेगा दिसतात किंवा रबर धातूच्या पट्टीपासून सुटलेले असते.

थरथर झाली म्हणजे दोष माउंटिंगचाच, असे मात्र समजू नये. एखादा सिलिंडर नीट काम करत नसेल, इंजेक्टर किंवा प्लग खराब असेल, स्लोचे फेरे कमी असतील अथवा सायलेन्सर पाइप चासीला टेकत असेल तरीही अशीच थरथर होते. इंजिन मुळातच अडखळत असेल तर आधी तो दोष काढावा. अन्यथा नवे माउंटिंग टाकूनही थरथर तशीच राहते व पैसे वाया जातात.

खात्री कशी करावी?

गाडी सपाट जागी मोकळ्या हवेत उभी करावी. हँडब्रेक ओढावा, चाकांना ठोकळे लावावेत व बॉनेट उघडावे. एका जाणत्या माणसाने चालकाच्या जागेवर बसून पायाचा ब्रेक घट्ट दाबून धरावा. ऑटोमॅटिक गाडीत गिअर पुढच्या स्थानी टाकून तीन-चार सेकंद अगदी थोडी रेस द्यावी व सोडावी. नंतर हेच रिव्हर्समध्ये करावे. पाहणाऱ्याने बाजूला उभे राहावे. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही, विशेषतः मुले, उभी असता कामा नयेत. इंजिन किंचित कलून परत जागेवर आले तर ते योग्य होय. ते एकदम उचलले जाऊन आवाजासह खाली आदळत असेल, तर ज्या बाजूला उचलले जाते त्या बाजूचे माउंटिंग तुटले आहे असे समजावे.

इंजिन बंद व थंड असताना विजेरीच्या उजेडात रबर बारकाईने पाहावे. माउंटिंगजवळ लहान पहार टेकवून इंजिनाच्या आधाराला हलकेच उचलून पाहावे. रबर व धातू यांच्यामध्ये फट उघडत असल्यास ते बदलावे. ऑइल गळून रबरावर येत असेल तर गळती आधी बंद करावी. तसे न केल्यास नवे रबरही लवकरच फुगेल.

खरेदी करताना

माउंटिंग जोडीने बदलावे. एक नवे व एक बसलेले राहिल्यास इंजिन कलते आणि नव्यावर जास्त भार येतो. गिअरबॉक्सच्या शेपटाखालील रबरही त्याच वेळी तपासावे. बहुधा तेही तितकेच जुने असते. भाग घेताना चासी क्रमांक सांगावा, कारण एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल व डिझेल इंजिनाची माउंटिंग वेगळी असू शकतात. कित्येक वर्षे दुकानात पडून राहिलेले रबर घेऊ नये. जुन्या माउंटिंगमध्ये टायरचे तुकडे किंवा पट्ट्याचे रबर भरून काम चालवण्याची पद्धत आहे. ती टाळावी. असे रबर धातूला चिकटलेले नसते, त्यामुळे ओढ आली की निसटते. द्रवभरीत माउंटिंगच्या जागी कडक घन रबर टाकल्यास इंजिन जागेवर राहते, पण थरथर सगळ्या गाडीत उतरते.

लागणारे साहित्य

भरवशाचा हायड्रॉलिक जॅक, गाडीच्या वजनाला पुरणाऱ्या लोखंडी घोड्या म्हणजे जॅक स्टँड, इंजिन तोलण्यासाठी दुसरा जॅक, जाड लाकडी फळी, पाने व सॉकेटचा संच, ॲलन की, टॉर्क पाना, गंज सोडवणारे तेल, विजेरी, चष्मा व हातमोजे. त्या गाडीची दुरुस्ती पुस्तिका मिळवणे फार महत्त्वाचे आहे. जॅक कोठे लावावा, कोणता बोल्ट किती आवळावा व कोणता बोल्ट पुन्हा वापरू नये, हे तिच्यातच कळते.

विहिरीतील पंप काढण्याची तिवई व चेनपुली अनेकांकडे असते. तिवईचे पाय गाडीच्या बाहेर, पक्क्या जमिनीवर टेकत असतील व तिची क्षमता पुरेशी असेल तर इंजिन वरून तोलण्यास तिचा उपयोग होतो. झाडाची फांदी किंवा घराचा वासा मात्र या कामासाठी कधीही वापरू नये.

बदलण्याची पद्धत

पुढील पद्धत १२४ मालिकेसारख्या, इंजिन लांबीत बसवलेल्या व मागच्या चाकांना ओढ असलेल्या मोटारीसाठी आहे. अशा मोटारीत इंजिनाच्या दोन बाजूंना दोन व गिअरबॉक्सखाली एक असे तीन आधार असतात.

१) आदल्या संध्याकाळी बोल्टवर गंज सोडवणारे तेल टाकावे. ते रबरावर व पाइपांवर सांडू देऊ नये.

२) काम काँक्रीटच्या सपाट जागेवर करावे. मातीच्या अंगणात जॅक व घोड्या रुततात आणि गाडी कलते. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावून बॅटरीची ऋण जोडणी काढावी.

३) गाडी ठरवून दिलेल्या जागीच जॅकने उचलून घोड्यांवर टेकवावी. विटा, दगड व सिमेंटचे पोकळ ठोकळे आधाराला घेऊ नयेत. ते भाराखाली सूचना न देता फुटतात. केवळ जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. घोड्यांवर टेकवल्यावर बाहेरून गाडीला जोराने ढकलून पाहावे. ती किंचितही डगमगली तर पुन्हा नीट बसवावी.

४) इंजिनाखालील संरक्षक पत्रा काढावा. पंख्याचे आवरण अडत असेल तर तेही सोडवावे. होज पाइप, तारा, रेसची जोडणी व सायलेन्सर पाइप यांपैकी कोणते ताणले जाईल ते आधी पाहून ठेवावे. माउंटिंगला नळी किंवा तार जोडलेली असल्यास ती खूण करून सोडवावी.

५) इंजिनाला आधार द्यावा. खालून आधार देताना दुसऱ्या जॅकवर जाड फळी ठेवून भार ऑइल चेंबरच्या कडेच्या मजबूत भागावर पसरेल असे पाहावे. पातळ पत्र्याच्या मध्यावर जॅक लावल्यास चेंबर दबते, तर ॲल्युमिनियमचे चेंबर तडकते. पुढच्या पुलीखाली जॅक लावू नये. पुस्तिकेत वरून तोलण्यास सांगितले असेल तर तसेच करावे.

६) आधार नुसता टेकलेला असताना एका बाजूच्या माउंटिंगचे वरचे व खालचे बोल्ट थोडे ढिले करावेत. नंतर जॅक अगदी हळू वाढवावा. माउंटिंगवरचा भार उतरला की बोल्ट हाताने फिरू लागतात. तेव्हा ते काढून जुने रबर बाहेर घेता येईल एवढेच इंजिन वर घ्यावे. प्रत्येक वेळी पंखा, होज व पाइप यांकडे नजर टाकावी.

७) एका वेळी एकच माउंटिंग सोडावे. दोन्ही बाजू एकदम सोडल्यास इंजिन बाजूला सरकते, जॅकवरून घसरते आणि मग बोल्टची भोके जुळत नाहीत. उचललेले इंजिन व चासी यांच्या फटीत बोटे घालू नयेत. माउंटिंग बाहेर काढणे, नवे सरकवणे ही कामे त्याच्या कडेला धरून किंवा चपट्या पट्टीने करावीत. बोट घालून भोक जुळवण्याचा मोह होतो आणि नेमकी तेव्हाच दुखापत होते.

८) जुने व नवे माउंटिंग शेजारी ठेवून पाहावे. बोल्टची जागा, आकार, दिशेची खूण व बसण्याचा खुंट सारखा हवा. जुने बसलेले असल्याने नवे थोडे उंच दिसणे साहजिक आहे.

९) नवे माउंटिंग जागी ठेवून सर्व बोल्ट हातानेच काही आटे फिरवून घ्यावेत. पान्याने सुरुवात केल्यास आटे चुकीचे बसून कापले जातात. त्यानंतर इंजिन हळूहळू खाली घ्यावे.

१०) दुसऱ्या बाजूला हीच कृती करावी. गिअरबॉक्सखालील रबर बदलायचे असल्यास गिअरबॉक्सला स्वतंत्र आधार देऊन मगच त्याची पट्टी सोडावी.

११) सर्व भार माउंटिंगवर येईपर्यंत बोल्ट पूर्ण आवळू नयेत. इंजिन हाताने थोडे हलवून आपल्या जागी बसू द्यावे व मगच टॉर्क पान्याने पुस्तिकेप्रमाणे आवळावे. इंजिन बसण्यापूर्वी आवळल्यास रबर पिळलेल्या स्थितीत अडकते, थरथर कायम राहते आणि नवे रबर लवकर फाटते. पुस्तिकेतील आकडे न्यूटन-मीटरमध्ये असतील तर १० न्यूटन-मीटर म्हणजे सुमारे १ किलो-मीटर असे धरावे.

१२) काढलेले सर्व भाग जोडून हत्यारे मोजून घ्यावीत. पंखा हाताने फिरवून तो कोठे घासत नाही याची खात्री करावी. गाडी घोड्यांवरून उतरवून बॅटरी जोडावी व इंजिन सुरू करावे. वर सांगितलेली तपासणी पुन्हा करावी. काही दिवस गाडी वापरल्यावर बोल्टची घट्टपणा एकदा तपासावा.

फुटलेल्या माउंटिंगमधील द्रव अंगणात सांडू देऊ नये. ग्लायकॉल चवीला गोडसर असते, पण जनावरांना व कुत्र्यांना विषारी ठरते. सांडलेला द्रव भुश्यावर किंवा कोरड्या मातीवर टिपून घ्यावा व तो भुसा गुरांच्या, कोंबड्यांच्या वाटेत न टाकता बंद डब्यात ठेवून विल्हेवाट लावावी.

घरी करू नये असे काम

काही पुढच्या चाकांच्या मोटारींत माउंटिंग काढण्यासाठी इंजिनाखालची संपूर्ण चौकट उतरवावी लागते. हवेच्या फुग्यांवर तोललेल्या मोटारी उचलताना वेगळी काळजी घ्यावी लागते. हायब्रीड व विजेवरच्या मोटारींत नारिंगी रंगाच्या तारांमधून जीवघेणा विद्युतदाब असतो. अशा मोटारींचे हे काम प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घ्यावे. गंजलेला बोल्ट तुटला, आधाराची चौकट तडकलेली आढळली किंवा गाडीला घोड्या लावण्यास पक्की जागाच सापडत नसेल, तर काम तेथेच थांबवावे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

लक्षात ठेवण्यासारखे

• आधी दोषाची खात्री, मग खरेदी.
• गळती बंद केल्याशिवाय नवे रबर नाही.
• गाडी घोड्यांवर, इंजिन स्वतंत्र आधारावर. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाणे नाही.
• एका वेळी एकच माउंटिंग. फटीत बोट कधीही नाही.
• इंजिन जागेवर बसल्यावरच शेवटची आवळणी.

माउंटिंग बदलण्याचे निम्मे काम पान्याचे, तर निम्मे आधार देण्याचे आहे. घाईच्या दिवसांत, हंगामाच्या धांदलीत किंवा एकट्याने हे काम काढू नये. सोबत एक माणूस घेऊन सवडीच्या दिवशी, भर उजेडात ते केल्यास मजुरीची बचत होते व गाडीही पूर्वीसारखी शांत चालते.